गुडघेदुखी, लठ्ठपणा आणि यंत्राची सोबत

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

‘गुडघे गेले’ हे शब्द आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जातात, की गुडघे म्हणजे जणू विजेचे दिवे आहेत आणि ते एके दिवशी अचानक जातात, असे ऐकणाऱ्याला वाटावे. माझ्या आत्याचे गुडघेही असेच ‘गेले’ होते. आत्याची खानावळ आहे. पंचवीस वर्षे ती पहाटे पाचला उठून ओट्यापुढे उभी राहिली आणि दुपारच्या दोन पंगती उठल्यावरच टेकली. उंची पाच फूट, वजन ८४ किलो. तीन वर्षांपूर्वी तिला प्रथम जिना उतरणे जड जाऊ लागले. मग मांडी घालून जेवायला बसणे सुटले, मग आषाढीला गावातल्या देवळापर्यंत चालत जाणे सुटले, आणि शेवटी गल्ल्यावर खुर्ची टाकून बसणे तेवढे तिच्या वाट्याला उरले.

सल्ला देणाऱ्यांची वानवा नव्हती. शेजारच्या काकूंनी ‘वंगण संपलं’ असे निदान करून टाकले. कोणी सांगितले, की चालणे बंद करा, नाहीतर उरलीसुरली गादीही झिजेल. एका दवाखान्यात एक्स-रेकडे पाहून ‘आधी वजन उतरवा, मग या’ एवढेच सांगण्यात आले. त्या दिवशी घरी आल्यावर आत्या मला म्हणाली, “अगं, वजन उतरवायचं तर चालायला हवं, आणि चालायचं तर गुडघे हवेत. मग मी आधी काय करू, ते तरी सांग.”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मनाच्या व्यापारांविषयी मी चार शब्द बोलू शकले असते. गुडघ्याविषयी मात्र मी पूर्ण अनभिज्ञ होते. तरीही आत्याचा प्रश्न मनातून जाईना. म्हणून गेले वर्षभर या विषयावर मिळेल ते वाचले, एका फिजिओथेरपिस्ट बाईंना पुष्कळ प्रश्न विचारून भंडावले, आणि त्यातून जे हाती लागले ते या लेखात मांडत आहे. विषय शरीराचा असला तरी तो शेवटी मनाशी येऊन कसा भिडतो, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

झीज म्हणजे नेमके काय?

गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकलेले असते आणि पुढच्या बाजूला गुडघ्याची वाटी असते. हाडांची टोके जिथे एकमेकांना भिडतात तिथे त्यांच्यावर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेची एक मोठी गंमत आहे. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. मग तिचे पोषण होते कसे? ओला स्पंज दाबला की त्यातले पाणी बाहेर येते आणि दाब काढला की तो पुन्हा पाणी शोषून घेतो. कूर्चेचेही काहीसे तसेच आहे. पाऊल टेकले की तिच्यावर दाब पडतो, पाऊल उचलले की दाब सुटतो, आणि या उघडझापीतून सांध्यातला द्रव तिच्यात खेळता राहतो. याचा अर्थ असा, की योग्य प्रमाणातली हालचाल ही कूर्चेची उपासमार टाळते. दिवसचे दिवस खुर्चीत बसून राहिल्याने कूर्चा ‘वाचते’ हा समज म्हणूनच बरोबर नाही.

या विकाराला वैद्यकात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपण त्याला झिजेचा संधिवात म्हणतो. परंतु यात केवळ कूर्चाच पातळ होते असे नाही. हाडांच्या कडांना टोके फुटतात, सांध्याच्या आतले अस्तर सुजते, आणि वापर कमी झाल्यामुळे मांडीचे स्नायू रोडावतात. १९५७ साली केल्ग्रेन आणि लॉरेन्स या दोन संशोधकांनी एक्स-रे पाहून या विकाराच्या पायऱ्या ठरवण्याची पद्धत मांडली. डॉक्टर आजही ‘ग्रेड टू’, ‘ग्रेड थ्री’ असे जे म्हणतात ते त्या पद्धतीला अनुसरूनच. मात्र एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ नेहमीच बसत नाही. चित्रात बरीच झीज दिसत असूनही तुरुतुरु चालणारी माणसे असतात, आणि चित्र बरे असूनही कण्हणारी माणसे असतात. तेव्हा एक्स-रेच्या काळ्या काचेकडे पाहून ‘आता सगळे संपले’ असे समजण्याचे कारण नाही.

वजनाचा गुणाकार

वजन वाढले की गुडघ्यावर भार वाढणार, हे कोणीही सांगेल. परंतु तो किती वाढतो, हे पाहिले की डोळे विस्फारतात. जर्मनीत बर्लिन येथील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच भार मोजणारे लहानसे यंत्र बसवले. आतला भार किती आहे हे ते यंत्र बिनतारी संदेशाने बाहेर कळवत असे. असे गुडघे बसवलेल्या पाच जणांची मोजमापे २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिना चढताना तो तिपटीच्या वर जातो आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट होतो, असे त्यांत आढळले. आत्याचा हिशेब मांडला तर साध्या चालण्यात दर पावलाला दोनशे किलोंच्या वर आणि जिना उतरताना तीनशे किलोंच्या जवळपास भार होतो. तिला जिन्याची उतरंडच प्रथम का जाचली, याचा उलगडा मला या आकड्यांतून झाला.

हा गुणाकार उलट दिशेनेही चालतो, आणि त्यातच दिलासा आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठपणा व गुडघ्याची झीज असलेल्या १४२ वृद्धांच्या चालण्याचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. वजन एक किलोने उतरले, तर गुडघ्यावरचा भार दर पावलामागे चार किलोंनी कमी होतो. म्हणजे आत्याने चार किलो वजन कमी केले तर दर पावलाला सोळा किलोंचा भार हलका होईल. हजार पावलांचा हिशेब वाचकांनीच करावा.

परंतु भार हे एकच कारण नव्हे. लठ्ठ माणसांत हाताच्या बोटांच्या सांध्यांचीही झीज अधिक आढळते, आणि बोटांवर तर कोणी चालत नाही! याचे कारण असे, की शरीरातली चरबी ही नुसती साठवणीची कोठी नसून तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळत असतात. सांध्यांच्या अस्तराला सूज येण्यात त्यांचाही वाटा असतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या प्रसिद्ध आरोग्यपाहणीतून १९९२ साली असे दिसून आले, की ज्या स्त्रियांचे वजन दहा वर्षांत सुमारे पाच किलोंनी उतरले होते, त्यांना गुडघ्याचा हा विकार जडण्याचा धोका निम्म्याहूनही कमी झाला होता.

येथे लठ्ठपणा कशाला म्हणायचे, हेही सांगितले पाहिजे. किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तो ३० च्या वर गेला की लठ्ठपणा समजतात. भारतीयांच्या शरीरात त्याच वजनाला चरबीचे प्रमाण अधिक असल्यामुळे आपल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही मर्यादा २५ वर आणली. आत्याचा आकडा ३६ येतो.

‘आधी काय?’ या प्रश्नाचे उत्तर

दुखते म्हणून माणूस बसतो, बसल्यामुळे स्नायू दुबळे होतात आणि वजन वाढते, वजन वाढले की आणखी दुखते. हे रहाट एकदा फिरू लागले की आपणहून थांबत नाही. ते कोठेतरी अडवावे लागते. वजनापासून अडवावे की व्यायामापासून, हाच आत्याचा प्रश्न होता.

मेसियर यांच्याच पुढाकाराने झालेला एक मोठा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. ४५४ माणसांचे तीन गट करण्यात आले. एकाला आहारनियमन, दुसऱ्याला व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही. अठरा महिन्यांनंतर तिसऱ्या गटाचे वजन सरासरीने अकरा टक्क्यांहून अधिक उतरले होते आणि दुखणेही त्याच गटात सर्वांत कमी राहिले. म्हणजे ‘आधी काय’ हा प्रश्नच सोडून द्यावा आणि दोन्ही गोष्टी एकदम, पण बेताने सुरू कराव्यात, हे उत्तम.

‘पण चालताच येत नसेल तर?’ याचेही उत्तर मिळाले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातल्या किम बेनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज या दोन्ही गोष्टी असलेल्या १२८ जणांवर एक प्रयोग केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला उभ्याने, म्हणजे गुडघ्यावर भार घेऊन करायचे व्यायाम दिले. दुसऱ्या गटाला भार न घेता, मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला बळकटी आणणारे व्यायाम दिले. बारा आठवड्यांनी पाहता वेदना कमी होण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता! याचा अर्थ, ज्याला उभे राहणे जड जाते त्याने खुर्चीत बसून, घोट्याला वाळूची पिशवी बांधून, पाय हळूहळू सरळ करण्यापासून आरंभ केला तरी तो मागे पडत नाही. हा स्नायू बळकट झाला की पावलागणिक बसणारा हिसका तो स्वतःवर झेलतो आणि सांध्याला तेवढी उसंत मिळते.

तेव्हा कोणता व्यायाम, हा प्रश्न तितकासा अवघड राहिलेला नाही. अवघड प्रश्न निराळाच आहे. व्यायाम चालू कसा ठेवायचा? दवाखान्यात शिकवलेला व्यायाम पहिले पंधरा दिवस उत्साहाने होतो, मग एक दिवसाआड होतो, आणि महिन्याभरात तो कागद देवघराच्या कोनाड्यात जाऊन पडतो. येथेच आजच्या यंत्रयुगाची मदत घेण्याचा विचार पुढे आला. ही मदत तीन प्रकारची आहे. काही यंत्रे शरीराचा भार हलका करतात, काही हालचाल मोजतात, आणि काही सोबत करतात.

भार हलका करणारी यंत्रे

भार हलका करण्याचा सर्वांत जुना उपाय पाण्याचा आहे. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले की शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पाणीच पेलते. म्हणूनच पाण्यातले चालणे गुडघ्याला मानवते. याच तत्त्वाचा हवेतला अवतार म्हणजे हवेच्या दाबावर चालणारी ट्रेडमिल. तिचा जन्म मोठा मजेदार आहे. अमेरिकेतल्या नासा संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रात रॉबर्ट व्हेलन हे शास्त्रज्ञ नेमक्या उलट प्रश्नावर काम करत होते. अंतराळात वजनच नसल्याने अंतराळवीरांची हाडे आणि स्नायू दुबळे होतात. तेव्हा व्यायाम करताना त्यांना हवेच्या दाबाने खाली खेचून वजन कसे ‘द्यावे’, असा तो प्रश्न होता. तेच तत्त्व उलटे केले आणि पृथ्वीवरच्या माणसाला वर उचलण्यासाठी वापरले. कमरेभोवती हवाबंद पिशवी घट्ट बसवतात, आत हवा भरतात, आणि खालचा वाढलेला दाब माणसाला अलगद तोलून धरतो. ८४ किलोंचा माणूस त्यात ५० किलोंचा असल्यासारखा चालू शकतो.

कल्पना उत्तम आहे यात शंका नाही. परंतु असे यंत्र अत्यंत महाग असते, मोठ्या रुग्णालयातच परवडते, आणि तिथे रोज जायचे तर तेवढे चालता यायला हवे! खानावळीच्या गल्ल्यावरून उठून तिथवर आत्या जाणार कशी? तेव्हा या यंत्राला नमस्कार करून पुढे जाऊ.

मोजणारी यंत्रे

पावले मोजणारे घड्याळ आज पुष्कळांच्या मनगटावर दिसते. त्याच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो हलतो, त्यामुळे विजेच्या मापात बदल होतो, आणि त्या बदलांच्या तालावरून ‘हे पाऊल झाले’ असा निष्कर्ष यंत्र काढते. पाऊल त्याला दिसत नाही, कळतो तो केवळ ताल.

‘रोज दहा हजार पावले’ हा मंत्र आपण सर्वांनी ऐकला आहे. तो कोण्या वैद्यकीय संशोधनातून निघाला असेल अशी माझी समजूत होती. वस्तुतः १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले, त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’. आकडा गोल आणि लक्षात राहण्याजोगा, म्हणून तो जगभर पसरला. गुडघ्याची झीज असलेल्यांसाठी मात्र एवढी पावले आवश्यक नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, गुडघ्याची झीज असलेल्या किंवा तिचा धोका असलेल्या सतराशेहून अधिक माणसांची पावले मोजून दोन वर्षांनी त्यांची चालचलणूक पाहिली. रोज सुमारे सहा हजार पावले चालणाऱ्यांत पुढे हालचालीला मर्यादा येण्याचे प्रमाण कमी दिसले. ज्याला तीन हजारच जमतात त्याने तिथून हळूहळू वाढवत जावे. दहा हजारांचा डोंगर पाहून घरीच बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आत्यासाठीही आम्ही असे एक घड्याळ आणले होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यावर साडेतीन हजार पावले पाहून घरात आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसून पाहिले, तेव्हा खरा प्रकार ध्यानात आला. आत्या स्टुलावर बसून पोळ्या लाटत होती आणि लाटण्याच्या तालावर घड्याळ पावले मोजत होते! आम्ही खूप हसलो. पण तीन आठवड्यांनी ते घड्याळ कपाटाच्या खणात गेले, तेव्हा मला हसू आले नाही. “रोज रात्री ते मला नापास करतं गं,” असे ती म्हणाली. मोजणे म्हणजे प्रोत्साहन देणे नव्हे, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले वाक्य त्या दिवशी मला खरे समजले.

सोबत करणारी यंत्रे

तिसरा प्रकार दिसायला सर्वांत साधा आहे. त्यात यंत्र म्हणजे आपला नेहमीचाच फोन. या दिशेने मेलबर्न विद्यापीठातल्या बेनेल, राना हिनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे. ऑस्ट्रेलिया हा अफाट पसरलेला देश. दूरच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला फिजिओथेरपिस्टकडे जायचे तर दिवस मोडतो. म्हणून फिजिओथेरपिस्टनेच चित्रफोनवरून त्याच्या घरी जावे, अशी ही कल्पना.

परंतु हात न लावता, नुसते पडद्यावर पाहून शिकवलेला व्यायाम समोरासमोर शिकवल्याइतका उपयोगी पडेल का? ही शंका रास्त होती. तिचे उत्तर २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३९४ माणसांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टने दवाखान्यात पाहिले, काहींना चित्रफोनवर. तीन महिन्यांत पाच भेटी. वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत चित्रफोनवरचा गट दवाखान्यातल्या गटाहून उणा ठरला नाही. त्यापूर्वी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या ४१५ जणांना घेतले होते. त्यात चित्रफोनवरून व्यायाम शिकलेल्यांना नुसती माहिती वाचणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला, आणि व्यायामाबरोबर आहारतज्ज्ञाकडून वजन उतरवण्याचे मार्गदर्शन घेतलेल्यांना त्याहूनही अधिक.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला सर्वांत जवळचा वाटला तो मात्र एक लहानसा प्रयोग. खुर्चीतल्या आणि उभ्याने करायच्या व्यायामांचा जो प्रयोग वर सांगितला, तो संपल्यावर त्यातल्या ११० जणांना यापुढे घरीच, कोणाच्याही देखरेखीवाचून, आठवड्यातून तीनदा व्यायाम चालू ठेवण्यास सांगितले. त्यांतल्या निम्म्यांना चोवीस आठवडे फोनवर लेखी निरोप येत असत. हे निरोप यंत्रच धाडत असे. ते विचारी, या आठवड्यात किती दिवस व्यायाम केलात? तीन दिवस झाले असतील तर शाबासकी. कमी झाले असतील तर पुढचा प्रश्न, का राहिला? विसरलात, वेळ मिळाला नाही, कंटाळा आला, की दुखेल अशी भीती वाटली? आणि कारण जे असेल त्याप्रमाणे पुढचा निरोप निराळा. विसरणाऱ्याला एक युक्ती, भिणाऱ्याला दुसरी.

या निरोपांचा परिणाम काय झाला? ज्यांना ते येत होते त्यांनी आपण व्यायाम अधिक नियमितपणे केल्याचे सांगितले. मात्र वेदना आणि हालचाल यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. संशोधकांनी हेही प्रांजळपणे मांडले आहे, आणि आपणही ते लपवू नये. निरोप म्हणजे औषध नव्हे. निरोप माणसाला खुर्चीतून उठवील. पुढचे काम गुडघ्यांनाच करावे लागते, आणि ते पुरेसे व्हावे लागते. उलट, २०२१ साली याच विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात २०६ माणसे होती. त्यात एका गटाला केवळ माहिती मिळाली आणि दुसऱ्याला माहितीबरोबर चोवीस आठवड्यांचा आखीव व्यायामक्रम आणि असेच निरोप मिळाले. तिथे दुसऱ्या गटाचे दुखणे स्पष्टपणे अधिक कमी झाले. निरोप आणि आखीव व्यायाम अशी जोडी असली की गाडी पुढे सरकते, असा मी याचा अर्थ लावते.

आत्याने न सांगितलेले कारण

हे सर्व वाचून मी आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना विनंती केली. त्या जिल्ह्याच्या गावी असतात. एकदा आत्याला गाडी करून त्यांच्याकडे नेले. त्यांनी गुडघे तपासले, रक्तदाबाची चौकशी केली. पुढच्या भेटी पंधरा दिवसांतून एकदा फोनवर ठरल्या. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, समोर भिंतीला लावलेली खुर्ची. “काकू, हातांचा आधार न घेता उठता येतंय का बघू. टाचा थोड्या मागे घ्या,” असा त्यांचा आवाज स्वयंपाकघरात घुमू लागला. पहिल्या दिवशी आत्या खुर्चीतून चार वेळा उठली आणि पाचव्यांदा बसूनच राहिली.

मेलबर्नच्या यंत्राची नक्कल म्हणून सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मी तिला फोनवर एकच शब्द पाठवत असे, ‘झाला?’ आणि ‘नाही’ असे उत्तर आले की ‘का?’ सुरुवातीची कारणे ठरावीक होती. पंगत लांबली, पाहुणे आले, गॅस संपला. पाचव्या आठवड्यात सलग तीन वेळा ‘नाही’ आले. मी फोन केला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, “अगं, गिऱ्हाइकं बसलेली असतात. माझं हे एवढं शरीर खुर्चीतून वरखाली करताना त्यांना दिसतं. मला लाज वाटते.”

हे कारण कोणत्याही घड्याळाने मोजले नव्हते. आम्हालाही सुचले नव्हते. वजन जास्त असलेल्या माणसाला आपण उठता-बसता ‘कमी करा’ म्हणतो, आणि त्या शब्दांनी त्याची हालचाल आणखी चोरटी होते, याचा विचार कोणी करत नाही. दुखण्यापेक्षा ही लाजच आत्याला खुर्चीला जखडून ठेवत होती. उपाय अगदी साधा निघाला. खुर्ची मागच्या कोठीच्या खोलीत गेली आणि व्यायामाची वेळ पंगती उठल्यानंतरची ठरली. फिजिओथेरपिस्ट बाईंनीही ‘वजन’ हा शब्द काढणेच सोडून दिले. त्या विचारत, “आज किती वेळा उठलात?”

आठ महिने झाले. आत्या आता एका दमात बारा वेळा उठते. रात्रीच्या जेवणात पोळ्यांची संख्या उतरली, ताटातली भाजी वाढली. वजन साडेचार किलोंनी उतरले. गुडघे दुखणे थांबलेले नाही. जिना ती कठडा धरून, एकेक पायरी उतरते. पण गेल्या आषाढीला ती देवळापर्यंत चालत गेली, वाटेत दोनदा बसली, आणि परत आली.

चार सावधगिरीच्या गोष्टी

या लेखावरून कोणी स्वतःच डॉक्टर होऊ नये, ही विनंती. गुडघा अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, अडकू लागला किंवा त्यावर भारच देता येईना, तर आधी वैद्यकीय तपासणी हवी. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय व्यायाम वाढवू नये. व्यायाम करताना थोडे दुखणे हे नुकसानीचे लक्षण असतेच असे नाही. ते सोसवेल इतपत असावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत व्हावे, असा ढोबळ नियम फिजिओथेरपिस्ट सांगतात. आणि फोन सगळ्यांच्याच हाती असतो असे समजू नये. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच चांगला फोन असतो, तोही मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात. खेड्यात चित्र अडखळते, म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षरे दिसत नाहीत. यंत्राची सोबत घ्यायची, तर ते यंत्र हाती धरून देणारे माणूस घरात असावे लागते.

हे माणूस आपणच होऊ शकतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ‘गुडघे गेलेली’ एक तरी आजी, मावशी किंवा काका आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती फोन आहे. आठवड्यातून तीनदा ‘झाला?’ असे विचारायला अर्धे मिनिट लागते. उत्तर ‘नाही’ आले तर ‘का?’ विचारून ते ऐकून घ्यायला मात्र थोडा अधिक वेळ काढावा लागतो. तो वेळ आपण काढावा, एवढेच माझ्या मित्रमैत्रिणींना सुचवावेसे वाटते.